जुनी ट्रेलर कॅरव्हॅन कायम राहायला घेतोय, बघायला जाताना काय काय तपासू?

मळ्यातला

नमस्कार मंडळी. राधानगरी रोडला आमचं दीड एकर रान आहे. तिथं घर बांधायचं आहे, पण आर्किटेक्ट, बँक आणि भाऊबंद या तिघांचं एकमत व्हायला अजून वर्ष-दोन वर्षं जातील असं दिसतंय. तोवर कोल्हापुरात राजारामपुरीतल्या फ्लॅटचं भाडं भरत बसण्यापेक्षा रानातच चाकावरचं घर आणून उभं करावं, असं आमच्या मनात आलंय. बायकोच्या मनात आधी आलं, हे इथं लेखी नोंदवून ठेवतो.

बेळगावजवळ एका गृहस्थांची कॅरव्हॅन विकायची आहे. इंजिन नाही, गाडीमागं जोडून ओढायची. अठरा फूट, एकच ॲक्सल, दहा वर्षं जुनी, स्थानिक बॉडीवाल्याकडून बांधून घेतलेली. आधी शूटिंगला भाड्यानं जायची म्हणे, आता बरीच वर्षं त्यांच्या फार्महाऊसवर आंब्याखाली उभी आहे. आत दोघांचा पलंग, ओटा, फ्रीज, लहानसं संडास-बाथरूम, एसी. मागणी सव्वासहा लाख. फोटो चकाचक आहेत.

जुनी गाडी घेताना काय बघायचं ते कळतं, जुनं घर घेताना काय बघायचं तेही कळतं. हे दोन्हींत मोडत नाही. रविवारी बघायला जातोय. आणि मुळात हा विचार शहाणपणाचा आहे का, तेही सांगा.

खासबागेतला

भावा, रानात डबा लावणार म्हणतोस आणि तांबडा-पांढरा कधी ते लिहिलंच नाहीस. मुद्द्याचं बोल.

उद्यमनगरी

फोटो चकाचक आहेत, हेच पहिलं खटकलं. आंब्याखाली वर्षानुवर्षं उभा असलेला डबा चकाचक असतोय व्हय? चिकटा पडतो, पानं कुजतात, फांद्या घासतात. म्हणजे विकायच्या आधी रंग मारलाय. रंग मारणं गुन्हा नाही, पण रंगाखाली काय आहे ते तुला शोधावं लागणार.

माझं उद्यमनगरात बॉडी बांधायचं शेड आहे. उसाच्या ट्रॉल्या, टेम्पोचे हौदे, फूड ट्रक, मधनंमधनं व्हॅनिटीची दुरुस्ती. असले डबे आतनं उघडून बघितलेत म्हणून सांगतो: टायर, बॅटरी, पंप, एसी, सगळं बाजारात मिळतं. भिंतीत शिरलेलं पाणी मात्र आख्खी भिंत काढल्याशिवाय जात नाही. तेव्हा त्या दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ ओल शोधण्यात घालव. मालक पलंग किती मऊ आहे ते दाखवत बसेल, तिकडं बघू नको.

आदल्या दिवशी फोन करून सांग की मी आल्याशिवाय दारं-खिडक्या उघडू नका. बंद डब्याचं दार उघडल्यावर पहिला वास जो येईल तो खरा. कुबट आला तर समजून जा. उदबत्तीचा नाहीतर रूम फ्रेशनरचा आला तर डबल समजून जा.

मग शिडी लावून छत बघ. वर चढून नाचू नको, छताला खाली आधार कुठं आहे ते माहीत नसतं. पत्रा आणि भिंत जिथं मिळतात तो सांधा, एसीसाठी कापलेलं भोक, झरोका, दिव्याच्या वायरी आत गेलेली जागा, एवढंच बघायचं. सिलिकॉनचे थरावर थर दिसले तर तिथनं गळतंय आणि मालक दर पावसाळ्याला ट्यूब रिकामी करतोय. जुन्या सिलिकॉनवर नवीन सिलिकॉन धरत नाही, सगळं खरवडून काढून पॉलियुरेथेनचं सीलंट भरावं लागतं, हे निम्म्या लोकांना माहीतच नसतं.

आत आल्यावर टॉर्च भिंतीला टेकवून आडवा धर. समोरनं उजेड टाकलास तर काही दिसणार नाही. आडव्या उजेडात सनमायका फुगलेला, लाटा आलेल्या, स्क्रूभोवती काळपट डाग, सगळं उठून दिसतं. वरच्या कपाटांचे कोपरे, खिडकीच्या खालची पट्टी, पलंगाखालचा पुढचा कोपरा, चाकाच्या कमानीवरचा भाग. अंगठ्यानं दाबत जा. जिथं अंगठा आत जातो तिथं ‘पेचकस लावू का’ म्हणून विचार. ज्याच्या मालात खोट नाही तो नाही म्हणत नाही.

फरशीवर टाचेनं दाब देत चाल. दारापाशी आणि संडासाच्या भिंतीला लागून हमखास मऊ लागतं. शेवटी पोतं टाक आणि खाली झोप. तिथं काळा रंग ताजा दिसला तर नाण्यानं खरवड. गंजाचे पापुद्रे सुटले तर पाईप आतनं गेलेला असतो. पुढचा त्रिकोणी सांगाडा मुख्य चासीला जिथं वेल्ड केलाय तिथं तडे बघ, ट्रेलर तिथंच तुटतो.

प्लाय कुठला वापरलाय ते विचार. पलंगाच्या फळीची उलटी बाजू बघितलीस तर शिक्का सापडेल. आयएस ७१० म्हणजे मरीन. आयएस ३०३ मधला एमआर असला तर तो घरातल्या कपाटाचा प्लाय, ओल सोसत नाही.

आणि पाण्याची पाईप मागून घे. आधी खालच्या खिडक्यांवर मार, मग वर, सगळ्यात शेवटी छतावर. उलटं केलंस तर गळती कुठली ते कळायचं नाही. तोवर आत बायकोला टॉर्च घेऊन बसव.

मळ्यातला

दादा, हे प्रिंट काढून नेतो. बायको म्हणते आत तू बस, पाईप मी धरते.

सातासमुद्रापार

मूळची शाहूपुरीची, आता बरीच वर्षं टेक्सासमध्ये. इकडे ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये कायम राहणारे पुष्कळ, त्यामुळे घ्यायच्या आधीच्या तपासणीचाही धंदा आहे. घराला जसा इन्स्पेक्टर बोलावतात तसा ट्रेलरलाही बोलावतात, त्यांची राष्ट्रीय संघटनासुद्धा आहे. उद्यमनगरीदादांनी जे लिहिलंय तेच हे लोकही पहिल्यांदा करतात: छत, सांधे, मऊ फरशी. फक्त हातात ओल मोजायचं मीटर असतं. भिंतीला टेकवलं की आकडा. कोरड्या भागाचा आकडा आधी घ्यायचा आणि बाकीचे त्याच्याशी ताडायचे, नुसत्या एका आकड्याला अर्थ नाही.

फायबरच्या भिंती असतील तर बोटाच्या पेराने टकटक करत जा. पत्रा आतल्या थरापासून सुटला असेल तिथे आवाज भद्द येतो. बाजूने बघितलं तर फुगवटाही दिसतो.

एक गोष्ट इकडच्या अनुभवातून. हे ट्रेलर सहलीसाठी बनतात. इकडे त्यांचे नियम वेगळे आणि कारखान्यात बनलेल्या, कायम राहायच्या घरांचे वेगळे, ते १९७६ पासून लागू आहेत. २००५ च्या कतरिना वादळानंतर सरकारने बेघरांना हजारो ट्रेलर राहायला दिले. लोकांचे डोळे चुरचुरायला लागले, खोकला, डोकेदुखी. २००८ साली तपासणीत आतल्या हवेत फॉर्मल्डिहाइड जास्त सापडलं. प्लाय आणि पार्टिकल बोर्डच्या गोंदातून तो वायू निघतो आणि लहान बंद जागेत, उकाड्यात साठतो. पुढे ते ट्रेलर लिलावात विकले तेव्हा ‘राहण्यासाठी वापरू नये’ अशी पट्टी लावून विकले. दहा वर्षांच्या डब्यातून बराचसा निघून गेलेला असतो, पण विकण्यासाठी आत नवीन कपाटं बसवली असतील तर दार बंद करून बसून बघा. डोळे झोंबले तर कळेल.

टायरचं कुणी लिहिलं नाही. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. उभ्या ट्रेलरचे टायर झिजत नाहीत, म्हणून नक्षी नवी दिसते आणि रबर मात्र वाळून तडकलेलं असतं. पाच-सहा वर्षांच्या पुढचे असतील तर नक्षी कितीही असो, ते बदलायचे धरूनच भाव करा.

जोडणीच्या तोंडावर किती भार येतो तेही बघा. इकडे एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के धरतात, युरोपात त्याहून कमी. फारच कमी असेल तर वेगात ट्रेलर शेपटासारखा डोलायला लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलाही घेऊन जातो.

खासबागेतला

ट्रेलर ज्याच्यावर अडकतो तो गाडीमागचा बॉल किती एमएमचा ते पण बघ रं. माझ्या मेव्हण्याच्या बोटीच्या ट्रेलरला दोन इंची कपलर आणि जीपला पन्नासचा बॉल. दोन इंच म्हणजे ५०.८. एवढ्याशा फरकानं कागल येईपर्यंत खडखडखडखड.

सोप्यातली काकू

मला एक समजत नाही. सव्वासहा लाखांत रानात पत्र्याच्या दोन खोल्या होतात. त्यात उभं राहता येतं, पाहुणा आला तर झोपवता येतो. डब्यात कशाला कोंडून घ्यायचं?

मळ्यातला

काकू, खोल्या बांधल्या तर घर झाल्यावर पाडायच्या. डबा विकता येईल किंवा फिरायला नेता येईल. शिवाय चाकं आहेत म्हणजे बांधकाम परवानगीची भानगड नाही, असं एकानं सांगितलं.

कागदी घोडा

त्या एकाला ते लिहून द्यायला सांगा. चाकं आहेत म्हणून परवानगी नको, असं गृहीत धरू नका. तुम्ही तिथं कायम राहणार, सांडपाणी सोडणार, वीज घेणार. आधी ग्रामपंचायतीत आणि तलाठ्याकडे तोंडी विचारून घ्या.

आता आरटीओचं. ट्रेलर हे कायद्यानं स्वतंत्र वाहन आहे. त्याचं स्वतःचं आरसी, स्वतःचा नंबर, स्वतःचा चासी नंबर असतो. मालक म्हणाला की ‘ओढणाऱ्या गाडीच्या नंबरवर चालतंय हो’, तर तिथूनच मागं फिरा. स्थानिक बॉडीवाल्यानं बांधलेली आहे म्हणता, म्हणून तर जास्त बघायला हवं. पुष्कळ डबे मालवाहू ट्रेलरच्या आरसीवर उभे केलेले असतात. वाहनात मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली परवानगी लागते. आरसीवर बॉडीचा प्रकार काय लिहिलाय तो शब्द न् शब्द वाचा.

बेळगाव म्हणजे केए-२२ असणार. तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, मालकानं काढून द्यायची. मग मालकी बदलायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, आणि इकडचा टॅक्स भरून एमएच-०९ चा नंबर. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात येईपर्यंत एक रुपया देऊ नका. वाहनच्या पोर्टलवर नंबर टाकला की बोजा आहे का ते दिसतं.

चासी नंबर डोळ्यांनी वाचून समाधान मानू नका. कागद ठेवून पेन्सिल घासा आणि छाप घ्या, आरटीओत घेतात तसा. आजूबाजूला पट्टी वेल्ड केलेली किंवा ग्राइंडर मारलेला दिसला तर चहा पिऊन परत या.

उद्यमनगरी

कागदी घोडा, मालवाहू आरसीचं एकदम बरोबर. माझ्याकडं येऊन लोक म्हणतात, ट्रॉलीवर खोली ठोकून द्या. मी आधी आरसी मागतो, ९० टक्के लोक परत येत नाहीत. (टक्के मनाचे आहेत.)

वजनाचं राहिलं. हायवेला लागायच्या आधी काट्यावर घाल. आरसीवरचं रिकामं वजन आणि काट्यावरचं वजन पडताळ. साखर कारखान्याच्या काट्यावर नको, खासगी काट्यावर.

खासबागेतला

कारखान्याच्या काट्यावर उलट फायदाच की, डबा हलका दाखवंल. :D

साइटवरची

मी सिव्हिलची. मोठ्या कामांच्या साइटवर पत्र्याच्या केबिनमध्ये राहिले आहे, त्यामुळे ‘घेताना काय बघू’पेक्षा ‘राहताना काय होतं’ यावर लिहिते.

दुपारी दोन वाजता बघायला जा. सकाळी दहाला सगळेच डबे गार असतात. दार लावून, एसी बंद ठेवून अर्धा तास आत बसा. मग एसी लावा आणि किती वेळात गार होतंय ते बघा. भिंतीत पफ (उष्णता अडवणारा फोम) भरलाय, थर्माकोल भरलाय की नुसती पोकळी आहे ते त्या अर्ध्या तासात कळतं. दिवा किंवा स्विचबोर्ड एखादा सैल असेल तर मागं डोकावून बघताही येतं.

पावसाळ्यात याच्या उलट. आपल्याकडं जून ते सप्टेंबर ओले कपडे कुठं वाळवणार? आतच. दोन माणसांचा श्वास, कुकरची वाफ, ओले कपडे, आणि बाहेर राधानगरीकडचा गार पाऊस. भिंती आतनं घाम सोडतात. गादीखाली काळी बुरशी येते. म्हणून छतातला झरोका उघडतो का, त्याला पंखा आहे का, तो पावसातही उघडा ठेवता येतो का, हे मी एसीपेक्षा आधी बघेन. पलंगाची फळी पट्ट्यापट्ट्यांची असेल तर उत्तम.

संडास: कॅसेटचा (म्हणजे ओढून बाहेर काढायची लहान मैलाटाकी) आहे की खाली पक्की टाकी आहे? कॅसेट असेल तर दोन माणसांत ती दर दोन-चार दिवसांनी कुणीतरी उचलून न्यायची आहे. कोण, हे आधीच ठरवा. टाकी असेल तर झडप उघडून बंद करून बघा, आणि तुमच्या रानात ती रिकामी करायला सेप्टिक टँक लागेल. आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी शोषखड्ड्यात सोडता येईल, मैला नाही.

पंपाची सोपी परीक्षा: टाकी भरा, पंप चालू करा, सगळे नळ बंद करा. पंप दाब धरून गप्प बसला पाहिजे. थोड्या थोड्या वेळानं आपोआप ‘घुर्र’ करत असेल तर कुठंतरी पाणी गळतंय. ती गळती भिंतीआड असेल तर उद्यमनगरींच्या सगळ्या मेहनतीवर आतूनच पाणी.

गॅस: सिलिंडर कुठं ठेवलाय? एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साठतो. सिलिंडरची पेटी आतून बंद आणि तळाला बाहेर भोक असलेली हवी. नळीवरचं साल बघा, साबणाचं पाणी लावून सगळे सांधे बघा.

शेवटचं, हसू नका. दोघांनी मिळून एक पूर्ण फेरी करा. एकानं ओट्यापाशी उभं राहायचं, दुसऱ्यानं पलंगावरून संडासात जायचं. जमलं तर राहू शकाल.

सोप्यातली काकू

साइटवरचीताईंनी माझंच म्हणणं सांगितलं, फक्त सभ्य भाषेत.

पंचगंगाकाठचा

दोन प्रश्न. रानात २०१९ ला किंवा २०२१ ला पाणी आलं होतं का? पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका हे आपल्याला पाठ आहे, पण तुमच्या बाजूच्या भोगावती नदीचं पाणी कुठवर चढतं ते शेजाऱ्यालाच विचारावं लागतं. दुसरं, तो डबा २०१९ च्या ऑगस्टमध्ये कुठं उभा होता? त्या वर्षी बेळगाव जिल्ह्यातही पुरानं हाहाकार केला होता. पुरातली वाहनं धुऊन-पुसून विकली जातात. खालच्या सॉकेटचं झाकण काढून आत गाळाची रेघ आहे का बघ, चासीच्या पाईपची टोकं बघ. तिथला गाळ कुणी धूत नाही.

मळ्यातला

आमचं रान माळाला आहे, दोन्ही वेळी कोरडं होतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर रविवारी.

निवृत्त वायरमन

पत्र्याच्या डब्यात राहणाऱ्या माणसाला माझी कळकळीची विनंती. अर्थिंग. बाकी सगळं नंतर.

डबा रबरी टायरवर उभा असतो. एखादी वायर सोलून बॉडीला लागली तर अख्खं घर करंट घेतं आणि तुम्ही ओल्या जमिनीवरून पायरीवर पाय ठेवता. आत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पाहिजे. त्याचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो का बघा. प्रत्येक तीन पिनच्या सॉकेटमध्ये अर्थ खरोखर जोडलाय का हे सॉकेट टेस्टरनं बघा, शेदोनशे रुपयांत मिळतो. रानात नेल्यावर डब्याच्या चासीला वेगळा अर्थिंगचा रॉड मारून घ्या.

बॅटरी काही तास चार्जिंगशिवाय ठेवून मीटर लावा. १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.१ म्हणजे निम्मी. मालकानं तुम्ही येईपर्यंत चार्जर लावून ठेवला असेल तर आकडा फसवेल.

आणि विहिरीच्या मोटरच्या मीटरवरनं डबा चालवायचा विचार करू नका. शेतीपंपाची जोडणी घराला वापरणं म्हणजे विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ मध्ये सापडणं. शिवाय तिथली वीज पाळीनं येते, तुमचा फ्रीज पाळी बघत नाही. घरगुती मीटरचा अर्ज आत्ताच टाका.

सातासमुद्रापार

फ्रीजवरून आठवलं. तो साधा कॉम्प्रेसरचा आहे की गॅसवर चालणारा? गॅसवाल्याला गार व्हायला कित्येक तास लागतात, म्हणून आदल्या रात्रीच चालू करून ठेवायला सांगा. आत अमोनियाचा उग्र वास आला तर त्याचा कूलिंग युनिट संपला. तो ट्रेलर समपातळीवर नसतानाही नीट चालत नाही.

आणि कुणी ‘इंपोर्टेड’ म्हणून काही सांगितलं तर दार कुठल्या बाजूला आहे ते बघा. अमेरिकेतल्याचं दार उजवीकडे असतं, आपल्याकडे ते रस्त्याच्या मधोमध उघडेल. आतली यंत्रंही १२० व्होल्टची.

मळ्यातला

मंडळी, जाऊन आलो. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्या सगळ्यांच्या नावानं एक एक गोष्ट सापडली.

आदल्या दिवशी फोन करूनही आम्ही पोचलो तेव्हा दारं-खिडक्या सताड उघड्या आणि उदबत्ती. दादा, तुमची फार आठवण झाली. मालक बोलायला गोड, कांदेपोहे केले होते.

छतावर एसीच्या भोवती सिलिकॉनचे थर. पांढरा, त्यावर पारदर्शक, त्यावर काळा. डाव्या भिंतीला खिडकीखाली आडवा टॉर्च धरला आणि सनमायकाला लाट आलेली दिसली. फोटोत तिथं उशी ठेवली होती. मालकांना विचारून कपाटाच्या आतल्या बाजूनं पेचकस लावला, मिसळीत बुडवलेल्या पावात जावा तसा मुठीपर्यंत गेला. मालक म्हणाले, ‘तिथं फक्त जरा ओल आहे.’ पाईप मारल्यावर एसीच्या भोकातून पाणी आलंच, पण खिडकीच्या खालून आधी आलं. बायको बाहेरून ओरडत होती, आलं का आलं का. मी आत टॉवेल घेऊन.

उजवी भिंत, मागची भिंत एकदम टणटणीत. खालचा सांगाडा चांगला निघाला, रंगाखाली गंज वरवरचाच, वेल्डला तडा नाही. सॉकेटमध्ये गाळ नाही, पुराची भीती गेली.

टायरवर १११६. नक्षी अगदी नवी. मालक म्हणाले, ‘बघा, झिजलेच नाहीत.’

पंप दर थोड्या वेळानं घुर्र. संडासामागं जॉइंट ओला, तिथं हात पोचतो, म्हणजे बरं आहे. अर्थिंग ओट्यापाशी आहे, पलंगाच्या बाजूच्या सॉकेटला नाही. आरसीसीबी नाहीच, नुसता एमसीबी. सिलिंडर पलंगाखालच्या खणात, बाहेर भोक नाही. तिथं बायकोनं तोंड वाकडं केलं ते परत सरळ झालं नाही.

आरसीवर बॉडी कॅरव्हॅन अशीच आहे, बोजा नाही, चासीचा छाप जुळला. रिकामं वजन १३५०, एकूण १८००. वाटेतल्या खासगी काट्यावर मालकांनीच स्वतःच्या गाडीला जोडून आणला, सोडवून उभा केला, १६४० भरलं. म्हणजे आमच्यासाठी उरले १६० किलो. पाण्याची टाकीच शंभर लिटरची आहे.

कागदी घोडा

कागद स्वच्छ आहेत, ही या धाग्यातली सगळ्यात मोठी बातमी. रानात उभा करून राहायचं असेल तर वजनाचा प्रश्न फक्त आणताना. टाकी रिकामी ठेवून, सामान वेगळ्या टेम्पोत घालून आणा.

उद्यमनगरी

टायरचा भार धरायची क्षमता बाजूवर लिहिलेली असते, नवीन घेताना १८०० ला पुरतील असेच घे, रिमोल्ड अजिबात नको. रानात उभा केल्यावर चासीखाली जॅक स्टँड लावून टायरवरचा भार काढ. कोपऱ्यातले फिरवून खाली येणारे पाय असतात ना, ते फक्त डबा हलू नये म्हणून, त्यांच्यावर वजन टाकायचं नसतं. आणि खाली मुरूम घालून दाबून घे, नाहीतर पहिल्या पावसात एक बाजू रुतेल आणि सगळी दारं अडकायला लागतील.

डावी भिंत: बाहेरचा पत्रा उतरवून आतला प्लाय, चौकट, पफ सगळं नवीन. खिडकी काढून परत बसवायची. एसीचं भोक परत सील. गॅसची पेटी बाहेरून. फोटोवरून नेमका आकडा सांगत नाही, पण दीड लाखाच्या खाली कुणी सांगितलं तर तो वरनं सनमायका चिकटवणार आहे. टायर, वायरिंग वेगळं. खरी मेख ही की ओल डाव्या भिंतीपुरतीच आहे की छताच्या आत पसरलीय. पसरली असेल तर फुकट दिला तरी घेऊ नको.

मळ्यातला

मी सव्वातीन सांगितले. ते पाचावर आले आणि म्हणाले, मृगाच्या आत उचला, नंतर भाव वाढेल.

साइटवरची

मृगाच्या आत उचला. :) पाऊस पडायच्या आत.

खासबागेतला

सात जूनला त्यांच्याच दारात छत्री घेऊन उभा रहा भावा.

सोप्यातली काकू

तुझ्या बायकोचं डोकं ठिकाणावर आहे. तिला विचार आणि तीन लाखांच्या वर जाऊ नकोस.

मळ्यातला

काकू, ती म्हणते सिलिंडर बाहेर गेला आणि छत कोरडं निघालं तर साडेतीनपर्यंत चालेल, आणि कॅसेट मी उचलायची. टोकन दिलेलं नाही. काल रात्री बेळगावकडं वळीव झाला असं मालकच बोलता बोलता बोलून गेले, म्हणून या रविवारी न कळवता परत जातोय. या वेळी छताची आतली बाजू नीट मोजायची आहे. कोल्हापुरात कुणाकडं ओल मोजायचं मीटर दोन दिवसांसाठी मिळेल का?

उद्यमनगरी

माझ्याकडं आहे. शनिवारी संध्याकाळी सातच्या आत शेडवर ये, मेसेज कर, पत्ता पाठवतो. सेल नवीन घालून घे, आणि उजव्या कोरड्या भिंतीचा आकडा आधी लिहून ठेव.